मुलाची चंचलता आणि त्याचे खाणे: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने विचारलेला प्रश्न इतर पालकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकतो. तो वर्गात एका जागी बसत नाही, लिहितालिहिता मध्येच उठतो, लहानशा कारणावरून चिडतो आणि रडतो, अशी बाईंची तक्रार आहे. शहरातल्या एका नातेवाइकाच्या सल्ल्याने त्यांनी मुलाच्या रक्ताची महागडी चाचणी करून घेतली. अहवालात गहू, दूध, अंडे, तुरीची डाळ आणि शेंगदाणे यांच्यापुढे लाल खुणा आल्या, म्हणून महिनाभरापासून त्यांनी हे सगळे बंद केले. मुलगा आता भात, आलूची भाजी, सकाळचा चहा-बिस्कीट आणि दुकानातले पोंगे यांवर आहे. त्याचे वजन दीड किलोने घटले, चंचलता मात्र कमी झाली नाही. आता आणखी काय बंद करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आणखी काहीही बंद करू नका. जे बंद केले आहे ते परत सुरू करायचे आहे, आणि ते कसे, हे मी पुढे सांगतो. विदर्भाच्या ग्रामीण भागात अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडच्या मुलाचे लक्ष लागत नसेल, तर त्याच्या पोटात गेलेल्या पदार्थापेक्षा त्याच्या पोटात न गेलेला पदार्थ कारणीभूत असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अन्नामुळे वागणूक बिघडते ही गोष्ट खोटी नाही; काही मुलांत ती खरीच घडते. परंतु त्या थोड्या मुलांसाठी असलेला उपाय सगळ्या मुलांना लावला, तर आधीच अपुरे जेवणारे लेकरू आणखी उपाशी राहते, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तेच घडते आहे.

प्रथम त्या अहवालाविषयी. अशा चाचण्यांत बहुतेक वेळा रक्तातील आयजीजी नावाची प्रतिद्रव्ये (अँटीबॉडी) मोजतात. माणूस जे अन्न नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध ही प्रतिद्रव्ये शरीरात तयार होणे अगदी स्वाभाविक आहे. शरीराची त्या अन्नाशी ओळख झाली, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या घरी रोज पोळी होते, तुरीचे वरण होते, चहात दूध पडते, म्हणून नेमक्या त्याच पदार्थांपुढे लाल खुणा आल्या. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की, या चाचणीवरून अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा असहिष्णुता ठरवू नये. खऱ्या अ‍ॅलर्जीत आयजीई हे वेगळे प्रतिद्रव्य असते आणि तिची लक्षणेही वेगळी असतात. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, उलटी होणे, छातीत घरघर होणे, अशी ती लक्षणे आहेत. तुमच्या पत्रात यांपैकी एकही लक्षण नाही, आणि हे सर्व पदार्थ मुलगा महिन्यापूर्वीपर्यंत विनातक्रार खात होता. तसेच बिस्कीट मैद्याचे, म्हणजे गव्हाचेच असते आणि चहात दूध असतेच. म्हणजे ज्या पदार्थांवर संशय होता ते थोड्या प्रमाणात चालूच राहिले; ताटातून गेले ते वरण, अंडे आणि शेंगदाणे. यात तुमचा दोष नाही. छापील अहवाल हातात आल्यावर कोणतीही आई असेच करील.

तुम्ही विचारलेल्या मूळ शंकेला, म्हणजे अन्नाचा वागणुकीशी संबंध आहे की नाही याला, जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. १९७० च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळांत नैसर्गिकरीत्या असणारी सॅलिसिलेटे वगळणारा आहार चंचल मुलांसाठी सुचवला. त्याचे दावे फार मोठे होते आणि पुढच्या काटेकोर तपासणीत ते तेवढे टिकले नाहीत. पण रंगांचा मुद्दा पूर्णपणे पुसलाही गेला नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सर्वसामान्य मुलांना काही दिवस रंग व सोडियम बेन्झोएट हे परिरक्षक (पदार्थ टिकवणारे रसायन) असलेले पेय आणि काही दिवस तसेच दिसणारे, पण त्यांशिवायचे पेय दिले गेले. कोणते पेय कोणत्या दिवशी, हे मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना कळू दिले नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रंगीत पेयाच्या काळात मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता, आणि तो रंगामुळे की परिरक्षकामुळे हे वेगळे करता आले नाही. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे बंधनकारक केले. मी नाव घेतलेले चारही रंग आपल्या देशात ठरावीक मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. पाकिटावर ते १०२, ११०, १२२ आणि १२४ या क्रमांकांनी लिहिलेले असतात. मुलगा तिसरीत आहे, त्यालाच ते शोधायला सांगा.

आपल्या गावातली खरी अडचण मात्र पाकीट नसलेल्या पदार्थांची आहे. शाळेसमोरच्या टपरीवर मिळणारे पोंगे, प्लास्टिकच्या नळीतली रंगीत 'पेप्सी', बर्फगोळा, बाजाराच्या दिवशीची पिवळीजर्द जिलेबी, जत्रेतले गुलाबी म्हातारीचे केस, यांवर कोणताही क्रमांक नसतो. त्यांत परवानगी असलेला रंग मर्यादेपेक्षा जास्त असू शकतो, किंवा मेटॅनिल यलो आणि रोडामिन बी यांसारखे अन्नात मुळीच चालत नसलेले रंगही असू शकतात. २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांनी रोडामिन बी सापडल्यामुळेच रंगीत म्हातारीच्या केसांवर बंदी आणली. तुम्हाला काही बंदच करायचे असेल, तर हे बंद करा. याने मुलाचे काहीही पोषण बुडत नाही, पैसे वाचतात, आणि तुमचा मुलगा रंगांना संवेदनशील असलाच तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. पिवळ्या रंगाचा विषय निघाला म्हणून हळदीबद्दलही सांगतो. सुटी, अति चमकदार हळद पूड घेऊ नका. हळदीला झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे रसायन लावल्याचे उघडकीस आले आहे, आणि शिसे हे मुलांच्या बुद्धीला आणि लक्षाला निश्चितपणे इजा करणारे द्रव्य आहे. आपल्याकडे वायगावच्या हळदीसारखी उत्तम हळद पिकते. हळकुंडे घेऊन गिरणीतून दळून आणणे हा सरळ मार्ग आहे.

साखरेविषयी तुमच्या बाईंनी सांगितले की गोड खाल्ले की मुले उधळतात. ही समजूत सर्वत्र आहे, पण तपासणीत ती टिकलेली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत, पालकांच्या मते साखरेला संवेदनशील असलेल्या मुलांच्या घरचा सगळा आहारच बदलून पाहिला: तीन आठवडे भरपूर साखर, तीन आठवडे एक कृत्रिम गोडी, तीन आठवडे दुसरी. वागणुकीत आणि अभ्यासात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती, पण काही आयांना ती दिल्याचे सांगितले होते. त्या आयांना आपली मुले जास्त चंचल वाटली आणि त्यांनी मुलांना जास्त टोकले. गोड कमी द्यावे, ते दातांसाठी आणि भूक मरू नये म्हणून. लग्नाच्या पंगतीत मुले उधळतात तेव्हा जागरण, गर्दी, डीजेचा आवाज आणि खेळगडी ही कारणे समोर असतात, दोष मात्र बुंदीवर जातो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारले नाही आणि जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्याकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्ताल्पता (अ‍ॅनिमिया) आढळली. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. तुमचा मुलगा आता आठ वर्षांचा असला तरी तो याच पिढीतला आहे. लोह म्हणजे नुसते रक्ताचा लाल रंग असे नव्हे. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन तयार होण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते, ते लोहाशिवाय काम करत नाही, आणि लक्ष टिकवणे, हाती घेतलेले पुरे करणे, हालचाल आवरणे ही कामे ज्या मेंदूजालावर चालतात, त्याला डोपामिन लागते. म्हणून लोह कमी पडलेले मूल नेहमी मलूलच दिसेल असे नाही. ते चिडचिडे असते, झोपेत पाय झाडते, दिवसा चुळबुळ करते आणि दहा मिनिटांत कंटाळते. हिमोग्लोबिन खाली येण्याच्या आधीच शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून शक्य असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्यावे. एक खूण घरीच पाहता येते: मुलगा माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा भिंतीचा पोपडा खातो का? खात असेल, तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता मोठी आहे. आणि लोह कमी असलेल्या आतड्यातून शिसेही जास्त शोषले जाते, म्हणजे एका नुकसानात दुसऱ्याची भर पडते.

आपल्या भागात या तपासणीला एक जोड अत्यावश्यक आहे, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात हा आजार अनेक समाजांत आढळतो. सिकलसेलग्रस्त मुलाला वारंवार हातपाय दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे अशा तक्रारी असतात. शिवाय काहींच्या मेंदूत बाहेरून मुळीच न कळणारे छोटे आघात होतात, आणि त्यांचे पहिले लक्षण शाळेत लक्ष न लागणे हेच असू शकते. अशा मुलाची रक्ताल्पता लोहाच्या गोळीने बरी होत नाही आणि तपासल्याशिवाय दिलेले लोह त्याला उपयोगाचेही नसते. सिकलसेलची प्राथमिक तपासणी, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि जुलै २०२३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानामुळे ती सहज उपलब्ध आहे. ती सकारात्मक आली तर आजार पक्का करणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावीच लागते.

लोहच कमी निघाले, तर डॉक्टर वजनानुसार मात्रा ठरवतील. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी ही कमतरता होऊ नये म्हणून असते, झालेली भरून काढायला ती पुरत नाही. औषध साधारण तीन महिने घ्यावे लागते, शौच काळी होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पोटातले हुककृमी रोज थोडे थोडे रक्त पितात. आणि सकाळचा चहा बंद करा. चहातली टॅनिने अन्नातले लोह आतड्यात अडकवून ठेवतात, त्यातले कॅफिन लहान मुलाची झोप व चित्त दोन्ही बिघडवते, आणि गोड चहाने भूक मरते, त्यामुळे पुढचे जेवणही कमी होते.

चहाच्या जागी काय, हा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच वावरात जाणाऱ्या आईला तो फार कठीण जातो, याची मला जाणीव आहे. सकाळी सातला चहा-बिस्कीट आणि त्यानंतर थेट दुपारचा शाळेतला पोषण आहार, एवढ्या अंतरात आठ वर्षांच्या मुलाकडून स्थिर बसून वजाबाक्या करण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. भुकेल्या मुलाचे शरीर रक्तातील साखर टिकवण्यासाठी अ‍ॅड्रेनलिन सोडते, आणि वर्गात आपल्याला दिसतात ती त्याची चुळबुळ आणि त्याचा राग. रात्रीची ज्वारीची भाकर दह्यात किंवा वरणात कुस्करून दिली, तरी ती बिस्किटाच्या पुड्यापेक्षा अनेक पटींनी चांगली न्याहारी होते. मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात देता येतो. उकडलेले अंडे चालत असेल तर त्याला तोड नाही. जेवणात तुरीचे घट्ट वरण, चण्याची किंवा अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात अळिवाची खीर ठेवा, आणि या प्रत्येकाबरोबर लिंबू, आवळा किंवा संक्रांतीच्या सुमारास मिळणारी बोरे यांसारखे काही आंबट द्या, कारण क जीवनसत्त्वाने भाजी-डाळीतले लोह जास्त शोषले जाते. जवसाची चटणी आपल्याकडे पूर्वी रोज होत असे. जवसात ओमेगा-३ गटातले मेदाम्ल असते. त्याच्या पूरक औषधांचा चंचलतेवर परिणाम अल्पच दिसला आहे, म्हणून महागडी कॅप्सूल घेऊ नका, पण चटणी अवश्य करा. घरात दूध-दही फारसे नसेल आणि अंडे-मासे वर्ज्य असतील, तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासायला सांगा.

बंद केलेले पदार्थ परत आणताना आधी तुरीचे वरण सुरू करा, दोन-तीन दिवसांनी पोळी, मग दूध-दही, मग अंडे, मग शेंगदाणे, आणि प्रत्येक पदार्थ पहिल्या दिवशी थोडाच द्या. मुलाला खरूज नसतानाही अंगभर खाज येणारा जुना इसब असेल किंवा पूर्वी कधी गांधी उठल्या असतील, तर मात्र अंडे आणि शेंगदाणे दवाखान्यातच सुरू करावेत. दुधाने पोट फुगत असेल तर दही आणि ताक चालते का ते पाहा. दुग्धशर्करा न पचणाऱ्या बहुतेक मुलांना ते सोसते. गव्हाबाबत एक अपवाद सांगतो. मुलाची उंची वाढत नसेल, शौच वारंवार पातळ होत असेल, पोट पुढे आलेले असेल आणि रक्ताल्पता औषधाने हटत नसेल, तर सीलिअक या, गव्हामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची टीटीजी ही रक्तचाचणी करावी. ती चाचणी गहू चालू असतानाच खरी ठरते, त्यामुळे किमान सहा आठवडे रोज पोळी खाल्ल्यानंतरच रक्त द्यावे. तपासणीआधी गहू सोडला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

एवढे सगळे झाल्यावरही एखाद्या पदार्थावर तुमचा संशय राहिला, तर तो तपासण्याची पद्धत आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. दोन आठवडे वहीत रोज तीन गोष्टी लिहा: मुलाने काय खाल्ले, रात्री किती झोपला, दिवस कसा गेला. मग संशयाचा एकच पदार्थ तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि नंतर तो पुन्हा द्या. बाईंना मात्र कधी बंद केला आणि कधी सुरू केला ते सांगू नका. त्यांनी फक्त दर शनिवारी मुलाचा आठवडा कसा गेला ते सांगायचे. पदार्थ काढल्यावर सुधारणा आणि परत दिल्यावर बिघाड असे दोन्ही, तेही दोनदा घडले, तरच त्या पदार्थाचा संबंध मानावा. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिचंचल मुलांना पाच आठवडे अगदी मोजक्या पदार्थांवर ठेवले, तेव्हा बऱ्याच मुलांत सुधारणा दिसली, हे खरे आहे. पण पालकांना उपचार माहीत होता, त्यामुळे त्या आकड्यांवर वाद आहे. शिवाय तिथे आहारतज्ज्ञ होते आणि मुले भरल्या अंगाची होती. त्याच अभ्यासात आयजीजी चाचणीचा पदार्थ ओळखायला काहीही उपयोग झाला नाही, हे तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. वर सांगितलेल्या २०१९–२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अशा ठिकाणी मोजक्या पदार्थांचा आहार मी वजनावर दर आठवड्याला लक्ष ठेवल्याशिवाय कोणालाही सुचवत नाही.

अन्नापलीकडची काही कारणे पटकन सांगतो, कारण तीही अन्नाच्या नावावर खपतात. मूल घोरते का, तोंडाने श्वास घेते का. कान वाहतो का. फळ्यावरचे दिसते का. बोलता बोलता काही क्षण एकटक पाहत राहते का, कारण ती फिट असू शकते. रात्री किती वाजेपर्यंत मोबाइल हातात असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी खर्ऱ्याचाही (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा) विचार करावा. तंबाखूची तलफ आलेले मूल वर्गात बसूच शकत नाही, आणि ही गोष्ट आपल्या गावांत अजूनही उघड बोलली जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. कान, डोळे, वजन आणि रक्ताल्पता या गोष्टी त्यांच्याकडून तपासून घ्या आणि आलेली चिठ्ठी जपून ठेवा.

आणि खरोखरच अतिचंचलतेचा विकार असेल, म्हणजे लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, त्याच्या शिकण्यात अडथळा आणण्याइतकी असतील, तर तो मेंदूच्या जडणघडणीतला फरक असतो. तो आहाराने होत नाही आणि आहाराने जातही नाही; चांगल्या आहाराने आणि झोपेने त्याची तीव्रता मात्र आवाक्यात राहते. त्यासाठी पालकांचे प्रशिक्षण आणि गरज पडल्यास औषध, असे परिणामकारक उपचार आहेत. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात ते मिळतात. मुलाला मनोविकार विभागात नेले म्हणजे त्याला वेड लागले असे कोणी म्हणेल; त्या भीतीपायी शाळेची दोन वर्षे घालवू नका.

तेव्हा या आठवड्यात आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी करून घ्या, त्याचे वजन-उंची नोंदवून घ्या, आणि आजच रात्रीच्या जेवणात वरण वाढा. सहा आठवड्यांनी अहवाल, वही आणि बाईंचे शनिवारचे शेरे घेऊन मला लिहा. तेव्हा वजन परत आले नसेल किंवा वागणूक तशीच असेल, तर पुढच्या तपासण्यांसाठी कुठे आणि कोणाकडे जायचे ते मी कळवीन.